भिंतीवरचा मक्का-मदिना : स्वस्त तसबिरींचा आपला इतिहास

मराठी घरात भिंतीवर टांगलेल्या चित्राला 'तसबीर' म्हणतात. देवाची तसबीर, थोर पुरुषाची तसबीर, आजोबांची तसबीर. हा शब्द मूळ अरबी 'तस्वीर'. ज्या कागदावर ती छापली जाते तो 'कागद', ज्या शाईने छापली जाते ती 'शाई' आणि तिच्या कडेला असलेली 'नक्षी' हे शब्दही फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीच झाले. शब्दांचा हा प्रवास आपल्याकडे बऱ्यापैकी अभ्यासला गेला. वस्तूंचा प्रवास मात्र राहून गेला. मुसलमानांच्या कलेचा विषय निघाला की बोलणे ताजमहाल, गोलघुमट, मोगल लघुचित्रे यांच्यावर जाते आणि तिथेच थांबते. ज्या समाजातील बहुसंख्य माणसे विणकर, कसाई, बागवान, अत्तार, तांबोळी, खलाशी आणि शेतमजूर होती, त्यांनी आपल्या दोन खणी घरांच्या भिंती कशा सजवल्या, हा प्रश्न इतिहासाने विचारला नाही आणि आपणही विचारला नाही. या लेखात आम्ही तो विचारू पाहतो.

भिंतीचे जुने मानकरी

भिंत सजवण्याची हौस आपल्याकडे छापखान्याच्या फार आधीची आहे. बीदरजवळ अष्टूर येथे बहमनी सुलतान अहमदशहा वली याची कबर आहे. तो १४३६ साली वारला. त्याच्या घुमटाच्या आतल्या भिंती रंगीत आणि सोनेरी अक्षरांनी भरलेल्या आहेत. विजापूरच्या जामा मशिदीतील मेहराब १६३६ साली, मुहम्मद आदिलशहाच्या काळात, याकूत दाबुली याने रंगवून घेतली. दाबुली म्हणजे दाभोळचा. आपल्या कोकणच्या बंदराचे नाव विजापूरच्या सर्वांत देखण्या भिंतीशी असे कायमचे जोडले गेले आहे. या मेहराबीवर काय रंगवले आहे ते पाहण्यासारखे आहे. कोनाडे, कोनाड्यांत रचलेली पुस्तके, फुलदाण्या, वेली, मिनार. सगळे खोटे कोनाडे, रंगाने भासवलेले. आणि त्यांत एकही सजीव प्राणी नाही.

हे 'सजीव नाही' नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढे गरिबाच्या भिंतीचे व्याकरण त्यावरच ठरले. ज्या घरात चित्रे असतात तिथे फरिश्ते येत नाहीत, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली असते. त्याचबरोबर, चित्र काढणे हाच ज्याचा पोटाचा धंदा होता अशा एका माणसाला हजरत इब्ने अब्बास यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याची वाट दाखवली, ही रिवायतही आहे. हजरत आयेशा यांनी चित्रे असलेला पडदा टांगला तेव्हा पैगंबरांना (स.) तो आवडला नाही, त्यांनी तो कापून त्याच्या उशा केल्या आणि त्या घरात वापरल्या गेल्या, असेही हदीसमध्ये येते. उलेमांनी यातून बारीकसारीक मते काढली. सामान्य माणसाने मात्र आपला साधा अर्थ लावला. जानदार नको, बेजान चालेल. इमारत चालेल, फूल चालेल, झाड चालेल, आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे अक्षर.

मक्का आणि मदिना जोडीने का?

मक्का-मदिनेचे चित्र हे आपल्या भिंतीचे आद्य चित्र. डाव्या-उजव्या बाजूला काबा आणि हिरवा घुमट अशी ती जोडी असते. ही जोडी कोणा कॅलेंडरवाल्याच्या डोक्यातून निघालेली नाही. पंधराव्या शतकात मोरोक्कोत होऊन गेलेले सूफी अल-जझुली यांचा 'दलाइलुल खैरात' हा दरूदांचा ग्रंथ मुस्लिम जगात सर्वदूर पसरला. त्याच्या हस्तलिखितांत मक्का आणि मदिना समोरासमोरच्या पानांवर काढण्याची रीत पडली. तुर्कस्तानात सतराव्या शतकात काब्याचे चित्र असलेल्या फरश्या मशिदींच्या आणि महालांच्या भिंतींत बसवल्या जात. आपल्याकडे सफी बिन वली याने १६७६-७७ साली सुरतेहून जाऊन हज केला आणि 'अनीसुल हुज्जाज' हे मार्गदर्शक लिहिले. औरंगजेबाची मुलगी जेबुन्निसा हिचा त्याला आश्रय होता. या ग्रंथाच्या सचित्र प्रतीत जहाजे, बंदरे आणि हरम यांची चित्रे आहेत. परंतु हे सगळे श्रीमंतांचे. हस्तलिखित ग्रंथ किंवा तुर्की फरशी ही इचलकरंजीच्या विणकराच्या किंवा हर्णैच्या खलाशाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

ती आवाक्यात आणली दगडाने. १७९६ साली आलोइस सेनेफेल्डर या जर्मन माणसाने शिळाछपाईचा शोध लावला. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने काढायचे, दगड ओला करायचा आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त तेलकट रेघेला चिकटते. खिळे जुळवण्याच्या छपाईत नस्तालीक लिपीचे हाल होत. शिळाछपाईत कातिबाने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उतरे. त्यामुळे फारसी, उर्दू आणि अरबी मजकुरासाठी हिंदुस्थानात हे तंत्र झपाट्याने रुजले. मुंबईत ते १८२०च्या दशकात आले. १८३७ साली फ्रान्समध्ये एंगेलमान याने रंगीत शिळाछपाईचे पेटंट घेतले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दहा-बारा दगडांवरून एकच कागद फिरला की चित्र पुरे होई. योगायोग असा की, त्याच १८३७ साली सुलतान महमूद दुसरा याच्या हुकमाने मदिनेच्या रौजा मुबारकवरील घुमटाला प्रथम हिरवा रंग देण्यात आला. ज्याला आपण 'गुंबदे खिज्रा' म्हणतो त्याचा हिरवा रंग आणि तो घरोघर नेणारे छापील रंग असे एकाच वर्षाचे आहेत.

त्यानंतर कॅमेरा आला. मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अभियंत्याने १८६१ मध्ये मदिनेची आणि १८८० मध्ये मक्केची छायाचित्रे घेतली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिल्लीच्या चांदणी चौकातील एच. ए. मिर्झा अँड सन्स या छायाचित्रकारांनी हजची छायाचित्रे प्रसिद्ध केली. म्हणजे हजचा देखावा हिंदुस्थानी बाजारात मांडणारांत एक हिंदुस्थानी दुकानच आघाडीवर होते. पुढे छापखाने या छायाचित्रांवरून चित्रे काढून घेत, त्यांत निळे आकाश, ढग, चांद-तारा घालत आणि विकत.

कोणी छापले, कोणी काढले

आपल्या महाराष्ट्रात राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुण्याची चित्रशाळा त्याच्याही आधी, १८७८ साली सुरू झाली. देवादिकांच्या तसबिरी या छापखान्यांमुळे घरोघर गेल्या हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. याच धंद्याची दुसरी बाजू तितकी ठाऊक नाही. मक्का-मदिना, अजमेर, बुराक, आयतुल कुर्सी यांच्या तसबिरी छापणारांत दिल्लीचे हेमचंदर भार्गव आणि ब्रिजवासी यांच्यासारख्या हिंदू मालकांच्या पेढ्या होत्या; आणि देवादिकांच्या, राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी काढणारांत मेरठचे हसन रझा राजा यांच्यासारखे मुसलमान चित्रकार होते. शिवकाशीने १९२०च्या दशकात काडेपेट्यांपासून सुरुवात केली. काडेपेटीला लेबल लागते म्हणून छपाई आली आणि लेबलापाठोपाठ कॅलेंडर आले. त्या कॅलेंडरांवर लक्ष्मी आणि काबा एकाच यंत्रातून बाहेर पडत.

याचा अर्थ फार ताणू नये. धंदा हा धंदा असतो. छापणारा काही सलोख्याचे व्रत घेऊन बसलेला नव्हता. पण परिणाम काय झाला तो पाहावा. रंग तेच, ढग तेच, कडेची गुलाबाची वेल तीच, प्रभावळीचे किरणही तेच. शेजारच्या घरातील तसबीर आणि आपल्या घरातील तसबीर यांत विषय वेगळा आणि हात एकच, अशी स्थिती होती. नागपूरचे ताजुद्दीनबाबा (१८६१-१९२५) यांची छबी दोन्ही घरांत लागली. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवले होते. बाबांचे छायाचित्र उपलब्ध असल्याने तसबिरीला कल्पनेचा आधार घ्यावा लागला नाही. मुंबईच्या हाजीअलींची दर्गा मात्र इमारत म्हणूनच आली. समुद्र, लाटा, पांढरा घुमट. 'जानदार नको' म्हणणाऱ्याचीही तिला हरकत नव्हती.

बुराकचे तसे नव्हते. पंखांचा देह आणि बाईचा चेहरा असलेला बुराक हा उलेमांच्या दृष्टीने आक्षेपार्हच. तरी तो मोहरमच्या ताबुतात होता, ट्रकच्या मागे होता आणि भिंतीवरही होता. आपल्या समाजात ग्रंथातला इस्लाम आणि घरातला इस्लाम यांच्यात नेहमीच थोडी ओढाताण राहिली. तिचा सर्वांत प्रामाणिक पुरावा भिंतीवर खिळ्याला टांगलेला असे.

पैसे नव्हते, हात होते

विकत घेतलेली तसबीर ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी घरातल्या बायकांनी केली आणि तिची नोंद कुठेच नाही. जुने वर्ष संपले की कॅलेंडरचा तारखांचा भाग कापून टाकायचा आणि वरचा काबा पुठ्ठ्यावर चिकटवायचा. सिगारेटच्या पाकिटातील आणि चहाच्या पुड्यातील चांदीचा कागद जपून ठेवायचा. काळ्या कापडावर त्याची अक्षरे कापून 'अल्लाह' आणि 'मुहम्मद' लावायचे. मखमलीवर चमकी आणि मण्यांनी बिस्मिल्ला भरायची. क्रोशाच्या जाळीत ७८६ विणायचा. लग्न ठरलेल्या मुलीच्या हातची अशी एखादी चौकट तिच्याबरोबर सासरी जाई आणि तिथल्या भिंतीवर तिच्या माहेरची खूण म्हणून राही.

या ७८६ चाही हिशेब सांगून ठेवावा, कारण नव्या पिढीला तो केवळ रिक्षावरचा आकडा वाटतो. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला अंक आहे. 'बिस्म' १०२, 'अल्लाह' ६६, 'अर-रहमान' ३२९, 'अर-रहीम' २८९, बेरीज ७८६. कागदाची पुढे बेअदबी होईल या भीतीने लोकांनी नावाऐवजी अंक लिहिला. हे शास्त्रोक्त की नाही यावर वाद आहे आणि तो राहील. पण ज्यांना अरबी लिहिता येत नव्हते अशा हातांना हा आकडा विणता आला, भरता आला, चुन्याच्या भिंतीवर निळीने काढता आला, हे खरे आहे.

घर सजवण्याचे दिवसही ठरलेले असत. रमजान ईद जवळ आली, घरात लग्न निघाले किंवा मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की चुन्यात नीळ घालून भिंतींना हात फिरे, तसबिरी उतरवून काचा पुसल्या जात आणि नवा खिळा ठोकला जाई. पाहुण्यांना दाखवण्यासाठी घर मांडणे आपल्याला नवे नाही. फक्त तेव्हा 'दाखवणे' म्हणजे आपण कोण आहोत ते नीटनेटके करून समोर ठेवणे असे.

हज करून आलेल्यांनी या भिंतीत भर घातली. मुंबई हे हजचे मोठे बंदर होते. मोगल लाइनची जहाजे इथून सुटत आणि बोटीने हजला जाणे १९९५ साली थांबेपर्यंत कोकण-देशावरचे हाजी मुंबईच्या गोदीतूनच गेले. परतताना जमजमचे डबे आणि खजूर यांच्याबरोबर एखादे मक्केचे चित्र येई. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, रत्नागिरी-रायगडचे तरुण आखातात गेले आणि तिकडून काब्याची मखमली चादर, सोनेरी चौकट, अजान देणारे घड्याळ आले. गावातल्या कोणाचा मुलगा 'बाहेर' आहे हे भिंतीवरून कळू लागले.

तसबीर हा दस्तऐवज

हे सगळे जपावे का? हौस म्हणून जपावे असे आमचे म्हणणे नाही. या तसबिरी इतिहासाचा पुरावा आहेत.

जुन्या मक्केच्या चित्रात काब्याभोवती लहान लहान मंडप दिसतात. ते चार मजहबांच्या इमामांचे मुसल्ले. हनफींचा मंडप दुमजली; शाफईंचे इमाम मकामे इब्राहीमच्या मागे उभे राहत. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, देशावरचे हनफी. त्यामुळे एकाच चित्रात दोघांची जागा वेगळी होती. १९२४ साली मक्का इब्ने सऊद यांच्या ताब्यात आली. त्यानंतर एका इमामामागे एक जमात सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत, १९५५ पासूनच्या विस्तारात, जुन्या बांधकामांपैकी बरेच नाहीसे झाले. मदिनेच्या जन्नतुल बकीतील कबरींवरचे घुमट १९२५-२६ मध्ये पाडण्यात आले. काही जुन्या चित्रांत ते अजून उभे आहेत. अठराव्या शतकातील तुर्की अजियाद किल्ला २००२ मध्ये पाडला गेला आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या संकुलाचा घड्याळाचा मनोरा २०१२ साली पुरा झाला. आजच्या तसबिरीत काब्याच्या मागे तो मनोरा असतो.

म्हणून तसबिरीचा काळ ठरवता येतो, पण सावधपणे. घुमट हिरवा असेल तर चित्र १८३७ च्या आधीचे नाही. घड्याळाचा मनोरा असेल तर ते अलीकडचे. मात्र चार मुसल्ले दिसले म्हणून चित्र जुनेच असे म्हणता येत नाही, कारण छापखाने जुनी चित्रे पुढेही छापत राहिले. मक्केत जे पाडले गेले ते आपल्या भिंतींवर त्यानंतरही उभे राहिले, ते असे. चौकटीची मागची बाजूही पाहावी. चौकट करणारे मागे पुठ्ठ्याबरोबर जुने वर्तमानपत्र घालत. त्या वर्तमानपत्रावर तारीख असते, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा मराठी असते. पुढे मक्का आणि मागे मराठी बातम्या, असा हा दस्तऐवज आहे.

नाहीसे होण्याची तीन कारणे

पहिले कारण आपली अदब. ज्यावर अल्लाहचे नाव आहे तो कागद रद्दीत जात नाही. तो विहिरीत किंवा नदीत सोडतात, नाही तर जमिनीत पुरतात. आपण त्याला 'ठंडे करणे' म्हणतो. देवाज्ञा झालेल्या माणसासारखा तो मातीत जातो. त्यामुळे जे सर्वांत पूज्य होते त्याचाच मागमूस उरत नाही. जुनी नाणी सापडतात, जुन्या तसबिरी सापडत नाहीत.

दुसरे कारण सुधारणेचे. गेल्या काही दशकांत शिकलेल्या मुलांना बुराक, पीरांची छबी, दर्ग्याची चित्रे ही बिदअत किंवा अडाणीपणा वाटू लागली. त्यांच्या श्रद्धेचा आम्हांला आदर आहे. ज्याला ते भिंतीवर नको त्याने उतरवावे. पण उतरवणे वेगळे आणि आजीने ते का लावले होते हे न विचारताच फेकणे वेगळे.

तिसरे कारण बोलायला अवघड आहे. शहरात फ्लॅट विकायचा किंवा भाड्याने द्यायचा असला की दलाल सांगतो, भिंती कोऱ्या करा, घरच्या खुणा काढा, दोन स्वस्त पण छान चित्रे लावा. गिऱ्हाइकाला घर आपले वाटले पाहिजे. जगभर हाच सल्ला दिला जातो आणि व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु आपल्या बाबतीत त्याला आणखी एक अर्थ चिकटतो. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत अनेकांनी दारावरच्या नावाच्या पाट्या उतरवल्या. दारावरचे नाव आणि भिंतीवरचा काबा यांत तेव्हापासून फारसे अंतर राहिले नाही. कोरी भिंत ही कोणाची आवड असेल तर उत्तम. ती भीती असेल, तर ती केवळ सजावटीची बाब नाही.

काय करता येईल

दिल्लीचे अभ्यासक युसुफ सईद यांनी हिंदुस्थानातील मुस्लिम लोकप्रिय चित्रांवर इंग्रजीत २०१२ साली ग्रंथ लिहिला. २००६ पासून 'तस्वीर घर' या प्रकल्पाने अशा छापील चित्रांचा संग्रह चालवला. मराठी मुसलमानांच्या भिंतींचा असा वेगळा शोध मराठीत व्हायला हवा, आणि तो विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहत थांबायला नको. त्याला खर्चही नाही.

घरातली जुनी तसबीर उतरवायची असेल तर उतरवा, ठंडी करायची असेल तर अदबीने ठंडी करा. त्याआधी तिचे एक छायाचित्र काढा. खाली बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव आणि गाव असेल तर टिपून घ्या. मागचा कागद उलगडून तारीख पाहा. आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा : ही कोणी आणली, कुठून आणली, किती पैशांना, आणि कोणत्या भिंतीवर होती? मण्यांची बिस्मिल्ला असेल तर ती भरणारीचे नाव लिहून ठेवा, कारण तिने ते कोपऱ्यात कुठेच लिहिलेले नसते.

राजांच्या भिंतींवर कोणाचे नाव होते हे आपल्याला ठाऊक आहे. दाभोळच्या याकूतचे नाव चारशे वर्षे टिकले, कारण ते विजापूरच्या मशिदीत होते. चुन्याच्या भिंतीवर चांदीच्या कागदाने 'अल्लाह' लिहिणारीचे नाव टिकवायचे असेल तर ते आपल्यालाच वहीत उतरवावे लागेल, आणि विचारण्यासाठी ती आपल्यात आहे तोवरच.